धोंड्याच्या महिन्यातली फायनल

ज्योतीरामाने पुरणाचा चौथा धोंडा संपवला तेव्हा दत्तोबांनी मिशीवरून हात फिरवला. पाचवा त्याच्या ताटात पडला आणि वर तुपाची धार सुरू झाली, तेव्हा मात्र त्यांना राहवेना.

"इंद्रे," ते पुतणीला म्हणाले, "तुझ्या आईला म्हणावं, आज त्याला पळायचंय. खाटल्यावर पडून ऱ्हायचं न्हाई."

दुर्गाबाई तिथेच हातभर अंतरावर तुपाची वाटी घेऊन उभ्या होत्या. पण थोरल्या दिराने धाकट्या भावजयीशी थेट बोलायचं नाही, हा या घरातला रिवाज. त्या लग्न होऊन पिंपळे गुरवात आल्या त्या दिवसापासून दोघांमधला सगळा कारभार तिसऱ्याच्या तोंडून चालत आला होता. तिसरं माणूस जवळ नसलं तर दत्तोबा गोठ्यातल्या म्हशीला सांगत आणि दुर्गाबाई ऐकून कामाला लागत. त्यांनी पदर कपाळावर ओढला आणि त्याही लेकीकडेच बघून बोलल्या.

"आबांना म्हणावं, लग्नानंतरचा पहिला धोंड्याचा महिना हाय. जावई अर्धपोटी उठला तर गाव माझ्या तोंडात शेण घालंल."

ज्योतीरामाने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि पाचव्या धोंड्याला हात घातला.

खरं म्हणजे त्याचं स्वतःचं घर खडकीत, आणि खडकीहून पुण्यातला टेनिसचा जिमखाना जवळ. सायकलवर टांग टाकली असती तर मजेत कोर्टावर पोचला असता. पण पुण्यातली अखिल भारतीय टेनिस स्पर्धा त्या साली नेमकी अधिक वैशाखात आली आणि सासूचा सांगावा आला, की अख्खा महिना जमत नसेल तर आठवडा तरी राहायला या. गड्याने रॅकेटा काखेला मारल्या, बायकोला, इंद्रायणीला, सायकलच्या मागे बसवलं आणि दापोडीकडून नदीचा उतार ओलांडून सासुरवाडीला हजर झाला. तेव्हापासून रोज सकाळी धोंडे, मग दापोडीहून पॅसेंजर, मग मॅच आणि संध्याकाळी अनारसे. असा खात खात तो सेमीफायनलला पोचला होता. इतर खेळाडू सकाळी काय खातात हे या घरात कुणाला ठाऊक नव्हतं, आणि विचारावं असंही वाटलं नव्हतं.

त्यात कलकत्त्याचं प्रकरण निघालं होतं. तिथल्या एका चहाच्या कंपनीचा साहेब स्पर्धा बघायला आला होता. कंपनीचा स्वतःचा टेनिसचा संघ होता आणि साहेबाला खेळणारी माणसं नोकरीत हवी होती. त्याने ज्योतीरामाला गाठून साफ सांगितलं होतं, कप जिंकलास तर पुढच्या महिन्यात ये, नोकरी देतो आणि राहायला जागा देतो. हरणाऱ्यासाठी मी एवढ्या लांब आलेलो नाही. आणि हरला तर काय, तेही ठरल्यासारखंच होतं. ज्योतीराम खडकीच्या एका दवाखान्यात कंपाउंडरच्या हाताखाली काम करी. पिंपरीच्या माळावर सरकार औषधाचा कारखाना काढणार अशी बोलवा होती, आणि सासऱ्यांनी, म्हणजे सोपानरावांनी, एका ओव्हरसियरच्या कानावर जावयाचं नाव घालून ठेवलं होतं.

तेव्हा जिंकला तर इंद्रायणी कलकत्त्याला जाणार, दोन रात्रींच्या प्रवासावर. हरला तर ती पिंपरीला राहणार, मनात आलं की आईकडे चालत येण्याएवढ्या अंतरावर. दुर्गाबाईंना हे एकच लेकरू. घरात प्रत्येकाला ही गोष्ट कळत होती आणि कुणीही ती तोंडावर आणत नव्हतं.

"आणखी एक?" दुर्गाबाईंनी विचारलं.

"वाढा मामी," ज्योतीराम म्हणाला.

दत्तोबा उठून अंगणात गेले.

*

दत्तोबांचं या खेळाशी वाकडं होतं ते लग्न ठरलं तेव्हापासून. तरुणपणी त्यांनी दिघीपासून चाकणपर्यंतच्या यात्रांमधल्या कुस्त्या मारल्या होत्या. धाकट्या भावाने एकुलती एक पोरगी चेंडूला जाळीदार फळी मारणाऱ्याला द्यावी, हे त्यांना काही केल्या पटलं नव्हतं. ज्याचा बाप खडकीच्या छावणीत गोऱ्यांची टेनिसची मैदानं राखायचा आणि पोरगा गोऱ्यांनी टाकून दिलेल्या रॅकेटांवर शिकला, तो पोरीला काय खायला घालणार? साखरपुड्यात ते पाहुण्यासारखे बसले होते. या आठवड्यात पहिल्या मॅचला आले तेही, बघू तरी काय थेर चालतात, म्हणूनच.

त्या दिवशी बंगालमधल्या कुणा खेळाडूचा एक चेंडू ज्योतीरामाने मुरमात लोळण घेऊन परत केला. गुडघे सोलले, कोपर सोललं, गडी उठला आणि पुढचा चेंडूही मारला. दत्तोबा घरी येऊन म्हणाले, "अंगाला माती लागती की या खेळात." त्यानंतर ते एकही मॅच चुकले नाहीत. उलट रोज आपल्याबरोबर गावातली आणखी माणसं न्यायला लागले.

सेमीफायनलला पिंपळे गुरवची माणसं स्वस्तातल्या बाकांवर दोन रांगा भरून बसली. सगळे धुवट फेट्यांत, आणि सगळे चिडीचूप, कारण दत्तोबांचा हुकूमच तसा होता. दुसऱ्या मॅचला गावच्या हलगीवाल्या गेनबाने मध्येच हलगीवर थाप टाकली होती आणि उंच खुर्चीवरच्या अंपायरने खेळ थांबवून त्याच्याकडे पाहिलं होतं. तेव्हापासून हलगी सोपानरावांच्या मांडीखाली असे, आणि चेंडू चालू असताना खोकायचं असलं तरी लोक आधी दत्तोबांकडे बघत.

"आबा, येवढं एकच सांगा," गेनबा कुजबुजला. "पंधरा, मग तीस, मग पंचेचाळीस पायजे. चाळीस कसे?"

"इंग्रजांचा खेळ हाय. जाताना पाच घिऊन गेले आसतील. गप बस."

समोर बंगलोरचा पिंटो होता. उंच, गोरा, कपाळाला पांढरी पट्टी बांधलेला. पहिला सेट ज्योतीरामाने घेतला, दुसरा पिंटोने. तिसऱ्यात एका लांबच्या चेंडूमागे धावून ज्योतीराम रेषेपाशी वाकला आणि वाकलेलाच राहिला. एक हात रॅकेटवर, एक पोटावर. दत्तोबा बाकावरून अर्धे उठले. जेवून उठलेला पैलवान आखाड्यात कसा उभा राहतो, हे त्यांनी खूप वेळा पाहिलं होतं.

"काय झालं वो त्याला?" सोपानरावांनी विचारलं.

"तुझ्या बायकूनं केलं ते," दत्तोबा म्हणाले.

सोपानरावांनी मांडीखालची हलगी सारखी केली. ते सहसा बोलतच नसत. खडकीच्या कारखान्यात त्यांना दिवसभर घणांच्या आवाजात काम करावं लागे आणि घरी दोन तोंडांच्या मध्ये बसावं लागे. त्यामुळे शांत राहणं त्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

ज्योतीराम जिंकला, पण कसा, ते त्यालाच ठाऊक. तिसरा सेट हाताला लागला, चौथा गेला आणि पाचव्यात पिंटोच्या पोटरीत गोळा आला म्हणून निभावलं. दोघेही लंगडत, धापा टाकत जाळीपाशी आले आणि एकमेकांच्या खांद्यावर मान टाकून उभे राहिले. अंपायरने निकाल पुकारला तशी सोपानरावांनी मांडीखालची हलगी काढून गेनबाच्या हातात दिली. मग मात्र जिमखान्याच्या गुळगुळीत साहेबलोकांनी आयुष्यात पहिल्यांदाच, आणि फार जवळून, हलगी ऐकली.

*

संध्याकाळी अंगणात सगळे बसले असताना विषयाला तोंड फोडलं ते सरुबाईंनी. दत्तोबांच्या बायकोला मनात ठेवणं जमत नसे, आणि जमावं असा तिने कधी प्रयत्नही केला नव्हता. ज्योतीराम नदीवर अंघोळीला गेला होता. दुर्गाबाई अनारशाचं पीठ मळत होत्या.

"दुर्गे, ते पीठ ठिव बाजूला," सरुबाई म्हणाल्या. "उद्या फायनल हाय."

"म्हणून तर करतीय अक्का. फायनलला जाणारा माणूस काय उपाशी जाईल?"

"आज त्याचं पोट धरलं हुतं. समद्यांनी बघितलं."

"ऊन लागलं आसंल."

"ऊन पिंटोला बी हुतं." सरुबाईंनी आवाज खाली आणला, म्हणजे आता फक्त शेजारच्या घरापर्यंतच गेला असता. "सरळ सांगते, राग मानू नगंस. पोरगी कलकत्त्याला जाऊ नये म्हणून तू त्याला ठोसतीस."

इंद्रायणी दिव्याची काच पुसत होती, ती तशीच थांबली. तिला वाटलं आई हसेल. नाहीतर चिडेल, दोन दिवस थोरल्या आईशी बोलणार नाही, आणि तिसऱ्या दिवशी वाटीभर कालवण पाठवून सगळं मिटेल. पण आईने पिठातून हात काढला आणि हाताकडे बघत बसली.

"असं कसं म्हणता अक्का," ती म्हणाली, पण ते विचारल्यासारखं वाटलं.

"मी म्हणत न्हाई. गाव म्हणतंय."

"गाव काय बी म्हणंल," सोपानराव म्हणाले. दिवसभरातलं हे त्यांचं दुसरं वाक्य होतं.

दत्तोबा खाटेवर बसून होते. "इंद्रे," ते म्हणाले, "तुझ्या आईला म्हणावं, मनात नसलं तरी हाताकडनं होतं माणसाच्या."

इंद्रायणीने ते आईला सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. तिला आईची कीव आली आणि त्याच वेळी रागही आला, कारण गेले दोन दिवस हाच विचार तिच्याही मनात येऊन गेला होता आणि तिने तो हाकलून लावला होता. वाईट याचं, की तिला स्वतःलाच काय हवं ते कळत नव्हतं. नवरा जिंकावा म्हणून तिने सोमवार धरले होते. पण तो जिंकला तर आपण कुठल्या तरी अनोळखी शहरात, अनोळखी भाषेत भाजी घ्यायला निघणार, या विचाराने तिला रोज पहाटे जाग येत होती.

ज्योतीराम ओल्या केसांनी आला. सगळे एकदम दुसरंच काहीतरी बोलायला लागले. त्याने चुलीकडे पाहिलं.

"आज अनारसे नाहीत मामी?"

"पीठ बिघडलं," दुर्गाबाई म्हणाल्या.

*

फायनलच्या दिवशी सकाळी ज्योतीराम पाटावर बसला आणि समोर ताट आलं. ताटात रात्रीची एक भाकरी, मिठाची चिमूट आणि ताकाचा पेला.

त्याला वाटलं, बाकीचं येतंय. तो थांबला. चुलीवर काही नव्हतं. दुर्गाबाई पाठमोऱ्या भांडी लावत होत्या आणि वळून बघत नव्हत्या.

"मामी," तो म्हणाला.

"जेवा पाव्हणं. गाडी चुकंल."

ताट बघून दत्तोबा दारातच थबकले. धोंड्याच्या महिन्यात जावयासमोर कोरडी भाकर, हे त्यांच्या डोळ्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. काल त्यांनीच तोंड वाजवलं होतं हे खरं. पण त्यांच्या मते मार्ग एवढाच होता, की पाचाऐवजी दोन धोंडे वाढायचे. कुणाला तरी काहीतरी सांगायला म्हणून त्यांनी आजूबाजूला पाहिलं, पण इंद्रायणी विहिरीवर होती आणि म्हैस लांब होती.

ज्योतीरामाने भाकरी मोडली. घास तोंडातच फिरत राहिला. आपलं काय चुकलं ते तो आठवू लागला. काल पिंटोला हरवल्यावर आपण आधी साहेबाशी हात मिळवला, मग घरच्यांकडे आलो, ते दिसलं असेल? की कलकत्त्याचं आपण मामींना स्वतः सांगितलं नाही, मामांकडून कळलं, त्याचा राग? बायको नेणार म्हणून आपल्याला या घराने मनातून काढून टाकलं, असं त्याला वाटलं. वाटलं आणि तेच खरं धरून तो उठला.

जाताना तो नेहमीसारखा पाया पडायला वाकला. दुर्गाबाईंनी "जिंका" म्हटलं, पण तेही भांड्यांकडे बघून. वर पाहिलं तर रडू येईल, अशी त्यांना भीती होती.

*

त्या दिवशी दुर्गाबाई पहिल्यांदा मॅच बघायला आल्या. सरुबाईंनी त्यांना दंडाला धरून आणलं म्हणा ना. बायकांच्या रांगेत त्या काठावर बसल्या आणि पदराआडून बघू लागल्या. मोठी, लाल मुरमाची मोकळी जागा, तिच्यावर चुन्याच्या रेषा, मध्ये जाळी. आणि त्या जाळीच्या अलीकडे त्यांचा जावई, पांढऱ्या कपड्यांत, चेंडू नुसताच बघत उभा असल्यासारखा.

पलीकडच्या दिल्लीच्या मेहराने घाम फुटायच्या आत पहिला सेट घेतला. दुसराही तसाच. ज्योतीरामाचे पाय हलत होते, पण त्याचं लक्ष खेळात नव्हतं. चेंडू जाळीत गेला तरी मान हलवत नव्हता, बाहेर गेला तरी नाही. पिंपळे गुरवच्या रांगा पडेल चेहऱ्याने बसल्या होत्या. गेनबाने हलगी स्वतःहून सोपानरावांकडे दिली.

"आज पोट धरलं न्हाई," सरुबाई म्हणाल्या. "मग काय झालं ह्याला?"

इंद्रायणीला माहीत होतं. सकाळी गाडीत त्याने विचारलं होतं, "मामींना मी नकोसा झालो का गं?" आणि ती काय सांगणार, तीच गोंधळलेली. आता मात्र तिने आईकडे पाहिलं आणि सगळं सांगून टाकलं.

"आई, त्यांना वाटतंय तू रागावलीस. म्हणून जेवायला घातलं न्हाईस."

दुर्गाबाईंनी पदर डोक्यावरून मागे सरकवला. त्यांना काही सुधरेना. पोट भरलं तर सगळे म्हणाले मुद्दाम, आणि नाही भरलं तर हे. समोर मेहरा थोडा सैलावला होता. दिल्लीहून आलेल्या माणसाला वाटलं असावं, झालंच आता. त्या सैलपणात ज्योतीरामाने कसाबसा तिसरा सेट घेतला आणि खेळ थांबला. तिसऱ्या सेटनंतर खेळाडूंना विश्रांती मिळते, हे दत्तोबांना आता ठाऊक झालं होतं.

दत्तोबा उठले. पुरुषांच्या रांगेतून बायकांच्या रांगेपर्यंत आले. सोपानराव, सरुबाई, इंद्रायणी, सगळे तिथेच होते. निरोप द्यायला माणसांची काही कमी नव्हती.

"दुर्गाबाई," दत्तोबा म्हणाले, थेट त्यांच्याकडे बघून. "तुमीच जा."

सरुबाईंचं तोंड उघडं पडलं. इतक्या वर्षांत दुर्गाबाईंनी आपलं नाव या आवाजात ऐकलं नव्हतं. त्यांनी मान खाली घातली नाही.

"व्हय," त्या म्हणाल्या. "जाते."

*

खेळाडूंच्या तंबूपाशी दोर बांधलेला होता आणि दोरापाशी बिल्ला लावलेले एक गृहस्थ उभे होते.

"बाई, इथून पुढे जाता येणार नाही. आपण कोण?"

"सासू हाय मी त्याची."

"मग तर मुळीच नाही. त्याला विश्रांतीसाठी वेळ दिलाय."

दत्तोबा मागून आले. त्यांनी काही दमदाटी केली नाही. दोर उचलून धरला आणि दुर्गाबाई त्याखालून गेल्या. गृहस्थांनी दत्तोबांच्या दंडांकडे पाहिलं आणि घड्याळ बघायला सुरुवात केली.

ज्योतीराम डोक्यावर ओला टॉवेल घेऊन बाकावर बसला होता. सासूला बघून धडपडत उठला.

"मामी, माझं काय चुकलं?"

"बसा. बसा पाव्हणं, दमलाय." त्या त्याच्यासमोर खालीच बसल्या. "तुमचं काय चुकलं न्हाई. काल अक्का म्हणल्या, पोरगी जवळ ऱ्हावी म्हणून मी तुमाला ठोसते. मला वाटलं, साफ खोटं. मग रातभर वाटत ऱ्हायलं, खरं बी आसंल. म्हणून आज चूलच पेटवली न्हाई."

ज्योतीरामाने डोक्यावरचा टॉवेल काढला.

"तुमी हरावं आसं माझ्या मनात हुतं का, ते मला आजून कळलं न्हाई," दुर्गाबाई म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू? पण आत्ता हिथं बसून तू हरतोयस ते मला बघवंना."

त्यांनी 'तू' म्हटलं ते त्यांच्या लक्षात आलं नाही. त्याच्या आलं.

"मामी, माझी आई मी चालायला लागायच्या आधी गेली," तो म्हणाला. "बापानं वाढवलं, पण त्याला सैपाक यायचा नाही. भूक लागली का, एवढंच विचारायचा. पोट भरल्यावर आणखी एक घे म्हणून मागं लागणारं कुणी नव्हतं. तुम्ही लागलात. म्हणून मी खात होतो. भूक कुठं होती?"

"आरं, मग सांगायचं न्हाईस, की पोट भरलंय?"

"सांगितलं असतं तर तुम्ही थांबला असता."

दुर्गाबाईंना हसू आलं आणि डोळेही भरले. त्यांनी पदराच्या टोकाने त्याच्या कपाळावरची मुरमाची धूळ पुसली, लहान पोराची पुसावी तशी खसाखसा.

"जा," त्या म्हणाल्या. "आणि त्या दिल्लीवाल्याला सांग, आता घरची माणसं आल्यात."

*

पुढचं दत्तोबांनी आयुष्यभर सांगितलं, आणि दर वेळी त्यात एखादा चेंडू वाढला. पण खरं तेवढंही पुरेसं होतं. चौथ्या सेटमध्ये ज्योतीराम हलायला लागला. मेहराच्या सर्व्हिसवर पुढे घुसायला लागला, चेंडू चुकला की स्वतःवर चिडायला लागला, आणि त्याला चिडलेला बघून सोपानरावांनी सुस्कारा सोडला. सेट घेतला. पाचव्यात मेहराही जागा झाला. एक गेम याचा, एक त्याचा, सावल्या जाळीखालून पलीकडे सरकल्या आणि पिंपळे गुरवच्या दोन रांगा श्वास रोखून होत्या.

दुर्गाबाईंना खेळातलं काही कळत नव्हतं. त्या फक्त ज्योतीरामाचा चेहरा बघत होत्या. चेंडू आत पडला की बाहेर, हे त्यांना त्याच्या तोंडावरून कळे. प्रत्येक चेंडूला त्या मनात म्हणत, घे रे, घे. आणि प्रत्येक वेळी त्याने तो घेतला की लेक एक स्टेशन लांब गेल्यासारखं वाटे. तरी त्या घे म्हणायच्या थांबल्या नाहीत.

शेवटचा चेंडू मेहराच्या डोक्यावरून उंच गेला आणि मागच्या रेषेच्या आत पडला. ज्योतीरामाने दोन्ही हात वर केले. दुर्गाबाई उठून ओरडल्या, इतक्या मोठ्याने, की सरुबाईंनीही वळून बघितलं. मग हलगी सुरू झाली, फेटे उडाले, आणि पुढच्या रांगेतल्या एका साहेबलोकांच्या बाईने गेनबाला हलगी जरा बघू दे म्हणून मागितली.

कप दिला गेला. कलकत्त्याचा साहेब ज्योतीरामाचा हात बराच वेळ धरून बोलला, आणि काय बोलला ते सगळ्यांना लांबूनच समजलं. मग ज्योतीराम गर्दीतून वाट काढत आला. कप त्याने सोपानरावांकडे दिला. तो सोपानरावांनी हलगीसारखाच काखेत धरला.

"मामी," ज्योतीराम म्हणाला, "पुढच्या महिन्यात बोलावलंय. मी अजून हो म्हटलेलं नाही. तुम्ही म्हणत असाल तर नाही सांगतो. पिंपरीचं आहेच."

सगळे दुर्गाबाईंकडे बघायला लागले. दत्तोबा पुढे झाले आणि पुन्हा मागे सरले. हे दुर्गाबाईंनीच बोलायचं होतं.

दुर्गाबाईंनी आधी इंद्रायणीकडे पाहिलं. पोरीचा चेहरा घामाने आणि आनंदाने लाल झाला होता, आणि डोळ्यांत भीती होती. स्वतः पिंपळे गुरवात पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांचाही चेहरा असाच झाला असेल.

"पिंपरीचा कारखाना आजून बांधायचाय," त्या म्हणाल्या. "कवा व्हायचा तवा होईल. तू त्या साहेबाला व्हय म्हणून सांग. माझ्यासाठी न्हाई म्हणालास तर मी जलमभर तुझ्या ताटाकडं बघायची न्हाई."

"मामी…"

"जा, आधी सांगून ये. त्याला गाडी गाठायची आसंल."

तो गेला. दत्तोबा गावकऱ्यांना स्टेशनाकडे हाकू लागले. दुर्गाबाई तिथल्याच रिकाम्या बाकावर बसल्या आणि रडायला लागल्या. पदर तोंडाशी न धरता, कुणाची पर्वा न करता. सरुबाई पुढे आल्या, थांबल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा काही न बोलता परत फिरल्या.

इंद्रायणी आईशेजारी जाऊन बसली. समोर माळी कोर्टावर पाणी मारत होते.

"आई," इंद्रायणी म्हणाली, "तू खुश न्हाईस ना?"

दुर्गाबाईंनी नाक पुसलं.

"हाय गं," त्या म्हणाल्या. "खुश बी हाय."